निम्मं आवडतं, निम्मं नाही: दोष सिनेमाचा, सिरीजचा की आपल्या टीव्हीचा?

प्रश्न: बर्डीचा_प्रेक्षक

अलीकडच्या चित्रपट-सिरीजबद्दल माझं एक मत होऊनच नाही राहिलं. चांगलं म्हणावं तर अर्धा वेळ घड्याळाकडे लक्ष, वाईट म्हणावं तर दोन-तीन प्रसंग डोक्यातून जात नाहीत. आधी मतं देतो, मग प्रश्न. कथानक थोडं उघड होईल, पाहिलं नसेल त्यांनी जपून वाचा.

‘झुंड’ (२०२२): आपल्या नागपुरातलीच गोष्ट. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे आणि त्यांचा झोपडपट्टी फुटबॉल यांच्यावर बेतलेली. कॉलेजची टीम विरुद्ध वस्तीतली टीम हा सामना एक नंबर. त्यानंतर पासपोर्ट, पोलीस पडताळणी, कागदपत्रं यात सिनेमा बसकण मारतो.

‘स्थळ’ (थिएटरात २०२५): सुरुवातीचा उलटा प्रसंग, बायका बसून मुलाला प्रश्न विचारतात तो, जबरदस्त. पुढे मात्र मुलगी पाहण्याचा कार्यक्रम पुन्हा पुन्हा, तेच प्रश्न, तीच मांडणी. मुद्दा कळला बाप्पा, पुढे चला, असं झालं.

‘दशावतार’ (२०२५): दिलीप प्रभावळकरांना दहापैकी दहा. उत्तरार्धात सूडपट सुरू होतो आणि पूर्वार्धातला बापलेकाचा सिनेमा गायब.

‘पंचायत’: पहिला सीझन (२०२०) केव्हाही लावा, चालतो. चौथा (२०२५) निवडणुकीतच अडकला.

‘पाताल लोक’, दुसरा सीझन (२०२५): पोलीसवाला हाथीराम आवडला, नागालँड आवडलं, संवाद निम्मे कळले नाहीत. कुजबुज ऐकायला आवाज वाढवला की पुढच्या गोळीबाराला शेजारी जागे.

‘अ‍ॅडोलेसन्स’ (२०२५): चार भाग, प्रत्येक भाग एका सलग टेकमध्ये. तिसरा भाग थक्क करतो. दुसऱ्यात शाळेच्या कॉरिडॉरमधून नुसतं चालणंच चालणं.

‘तुंबाड’ (२०१८, पुन्हा प्रदर्शित २०२४): टीव्हीवर वाड्यातले प्रसंग म्हणजे काळा चौकोन. छायाचित्रणाची एवढी स्तुती काहून होते?

आता प्रश्न. उत्तरार्ध ढेपाळतो तो लेखनामुळे की संकलनामुळे, हे घरबसल्या कसं ओळखायचं? आणि संवाद ऐकू न येणं, अंधार दिसणं ही करणाऱ्यांची चूक की माझ्या सेटिंगची? टीव्ही ४३ इंची, भिंतीवर लावलेला, साउंडबार नाही, सोफा साधारण दहा फुटांवर. उन्हाळ्यात खोलीत डेझर्ट कूलर चालू असतो.

उत्तर: संकलन_टेबल

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो. आवाज आणि चित्रासाठी इथे माझ्यापेक्षा जाणकार लोक आहेत.

“ढेपाळला” म्हटलं की त्यात तीन वेगळ्या गोष्टी येतात: तीच माहिती परत सांगितली जाते, पात्राला हवी असलेली गोष्ट मध्येच बदलते, किंवा प्रसंग गरजेपेक्षा लांब राहतो. पहिल्या दोन लेखनाच्या, तिसरी बहुतेक वेळा संकलनाची. वेगळं करायची सोपी रीत अशी. कागदावर दहा-दहा मिनिटांचे चौकोन आखा. प्रत्येक चौकोनात दोनच ओळी लिहायच्या: आत्ता कोणाला काय हवं आहे, आणि मागच्या चौकोनापेक्षा काय बदललं. सलग दोन चौकोनांत दुसरी ओळ कोरी राहिली तर गडबड पटकथेत. दुसरी ओळ भरते आहे, तरी जांभई येते, तर प्रसंग कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते बघा. पात्र गाडीतून उतरलं, फाटक उघडलं, चपला काढल्या, बसलं, पाणी प्यायलं, मग बोललं; हे सगळं दिसत असेल आणि त्यातून काही नवं कळत नसेल, तर कात्री कमी पडली.

तुमची यादी या रीतीने लावून पाहू.

‘झुंड’मध्ये सामन्यापर्यंत हवं ते स्पष्ट आहे: जिंकायचं. सामन्याला स्कोअर असतो, वेळ असते, समोर अकरा माणसं दिसतात. सामना संपला की हवी असलेली गोष्टच बदलते. आता या पोरांना वस्तीच्या भिंतीपलीकडे जाऊ द्यायचं आहे, आणि समोरचा प्रतिस्पर्धी म्हणजे कागद. अंकुशच्या नावावरची पोलीस नोंद, मोनिकाच्या वडिलांची ओळख सिद्ध करायची धडपड. आशय म्हणून हाच भाग सिनेमाचा गाभा आहे आणि माझ्या मते पूर्वार्धापेक्षा मोठा आहे. अडचण एवढीच की कागदाच्या लढाईला स्कोअरबोर्ड नाही. किती दिवस उरले, कोणता कागद आला, कोणता राहिला, हे प्रेक्षकाच्या हाताशी राहत नाही. त्यामुळे जवळपास तीन तासांच्या लांबीत तो भाग आहे त्याहून लांब भासतो. म्हणजे दोष विषयाचा नाही, मोजपट्टी न दिल्याचा.

‘दशावतार’ची गोष्ट वेगळी. आपल्याकडे पटकथा मध्यंतराभोवती लिहितात. मध्यंतराला मोठा धक्का, नंतर नव्याने उभारणी. थिएटरात मधली दहा-पंधरा मिनिटं चहा-समोशात जातात आणि प्रेक्षक नव्या सिनेमाला तयार होऊन परत बसतो. घरी तोच सांधा उघडा पडतो. इथे एक कसोटी लावा: उत्तरार्धात बाबुली (प्रभावळकर) जे करतो त्याचं बीज पूर्वार्धात होतं का? होतं. सोंग, रंग, अवतार, देवावरची निष्ठा, सगळं आधीच पेरलेलं आहे. तेव्हा रचना प्रामाणिक आहे. पण पूर्वार्धात आपला जीव ज्या नात्यात गुंतवला ते नातं पडद्यावरून गेलं की सूड कितीही नेत्रदीपक असला तरी त्या जागी बसत नाही. तुमची तक्रार रास्त आहे, फक्त ती “सूडपट झाला” अशी न मांडता “गुंतवणूक एकीकडे, वसुली दुसरीकडे” अशी मांडा.

‘पंचायत’चं गणित तर सरळ आहे. पहिल्या सीझनमध्ये प्रत्येक भागाला स्वतःची छोटी भानगड होती. भुताचं झाड, चाकांची खुर्ची. भागातच सुरू, भागातच निकाल, आणि वर सचिवजींच्या परीक्षेचा बारीक धागा. चौथ्यात एकच प्रश्न आठ भागांवर पसरला: निवडणूक कोण जिंकणार? याला उत्तरं दोनच. मग दर भागात एका गटाची सरशी, लगेच दुसऱ्याची कुरघोडी, बेरीज शून्य. वर सांगितलेले चौकोन आखा, दुसरी ओळ कोरी राहताना स्वतःच दिसेल. अभिनय आणि गाव दोन्ही आधीसारखेच पक्के आहेत, म्हणून हा दोष उशिरा लक्षात येतो.

‘अ‍ॅडोलेसन्स’मधलं चालणं ही त्या पद्धतीची किंमत आहे. संकलकाचं सगळ्यात मोठं काम म्हणजे माणूस एका जागेहून दुसऱ्या जागी पोहोचेपर्यंतचा वेळ कापणं. सलग टेकमध्ये ती कात्रीच हातात नाही. दुसऱ्या भागात पूर्ण शाळा दाखवायची, म्हणजे पोलिसांना वर्गावर्गांतून प्रत्यक्ष चालवत न्यावं लागतं. तिसऱ्या भागात मुलगा आणि मानसशास्त्रज्ञ जवळपास पूर्ण वेळ एका खोलीत. वाहतुकीचा खर्च नाही, सगळा वेळ चेहऱ्यांना मिळतो. दुसऱ्या भागाच्या शेवटी कॅमेरा ड्रोनला जोडून वर नेला आहे. ती करामत खरी, पण त्याआधीची काही मिनिटं केवळ तिथवर पोहोचण्यासाठी खर्ची पडतात.

‘स्थळ’बद्दल मी तुमच्याशी सहमत नाही, पण तो चंद्रपूरकडचा सिनेमा, त्यावर तिकडचंच कोणी बोललं तर बरं.

उत्तर: मिक्सिंगवाला

आवाजाचं बोलू. तुमच्या घरात तीन गोष्टी एकावर एक चढल्या आहेत.

पहिली, मिक्स. सिरीजचा आवाज सहसा ५.१ मध्ये (पाच स्पीकर आणि एक जाड सुरांचा) बनतो आणि संवाद जवळपास पूर्ण मधल्या चॅनेलवर असतो. दोन स्पीकरच्या टीव्हीवर तो मधला चॅनेल साधारण ३ डेसिबल कमी करून डाव्या-उजव्यात वाटला जातो, आणि तिथे संगीत, पाऊस, गाड्या आधीच बसलेल्या असतात. त्यात ओटीटीची पातळी कमी. नेटफ्लिक्स सरासरी संवाद उणे २७ एलकेएफएसच्या (आवाजाच्या जोराचं माप; आकडा जितका उणे तितका आवाज बारीक) आसपास मागतं, यूट्यूब उणे १४ च्या जवळपास वाजवतं. म्हणून यूट्यूबवर १५ वर ठेवलेला आवाज सिरीजला २५ वर न्यावा लागतो. शिवाय ही उणे २७ ची पातळी संवादावरून मोजतात, गोळीबारावरून नाही; स्फोटाला वर भरपूर मोकळी जागा उरते. शेजारी जागे होतात ते यामुळे.

दुसरी, टीव्ही. स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून असतात. भिंतीवर लावलेल्या टीव्हीत आवाज भिंतीला आपटून येतो, जाड सूर फुगतात आणि क, च, त, स, श यांसारख्या व्यंजनांची धार जाते. शब्द कळायला हीच धार लागते, साधारण २ ते ४ किलोहर्ट्झमधली.

तिसरी, कूलर. त्याची घरघर जवळजवळ सगळ्या पट्ट्यांत पसरलेली असते आणि ती नेमकी व्यंजनांवर बसते. आवाज वाढवून उपाय होत नाही, कारण संवादाबरोबर स्फोटही वाढतो.

काय करायचं, याच क्रमाने:

१. सिरीज सुरू असताना ऑडिओच्या यादीत जा. “हिंदी” आणि “हिंदी ५.१” असे दोन ट्रॅक असतील तर साधा निवडा. तो सहसा बनवणाऱ्यांनीच दोन स्पीकरसाठी तयार केलेला असतो.

२. टीव्हीला फायर स्टिक किंवा सेट-टॉप बॉक्स लावला असेल तर त्याच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये “सराउंड” किंवा “ऑटो” ऐवजी “स्टिरिओ” किंवा “पीसीएम” करा. संगीत दणदणीत आणि संवाद विहिरीतून आल्यासारखा, असं असेल तर नव्वद टक्के इथेच घोटाळा असतो: पाच वाटांचा आवाज पाठवला जातो, दोनच वाजतात आणि मधला गायब.

३. टीव्हीत नाइट मोड, ऑटो व्हॉल्यूम किंवा क्लिअर व्हॉइस असं काही असेल तर सुरू करा. यात मोठा आवाज दाबला जातो आणि बारीक वर येतो. संगीतप्रधान सिनेमाला मात्र बंद ठेवा, सगळं सपाट होतं.

४. इक्वलायझर असेल तर १०० हर्ट्झची पट्टी ३-४ घर खाली, ३ किलोहर्ट्झची २-३ घर वर. यापेक्षा जास्त वर नेली तर ‘स’ कानाला टोचतो.

५. कूलर टीव्हीच्या भिंतीपासून दूरच्या खिडकीला ठेवा आणि पंखा एक टप्पा खाली. वुडवूलच्या जाळ्या जुन्या होऊन क्षारांनी गच्च झाल्या असतील तर हवा ओढायला जोर लागतो, आवाज वाढतो आणि गारवा कमी, त्या बदला. पत्र्याची बॉडी थरथरत असेल तर पायाखाली रबराचे तुकडे.

६. सोफा दहा फुटांवरून सहा-सात फुटांवर आणा. थेट आवाज वाढतो, खोलीचा घुमारा कमी होतो.

‘पाताल लोक २’बद्दल एवढं सांगतो की त्यात नागामीज (नागालँडची बोलभाषा) संवाद भरपूर आहेत आणि ते मुद्दाम आहेत, हाथीरामला परकं वाटतं तसं आपल्यालाही वाटावं म्हणून. तिथे सबटायटल सुरू करण्यात कमीपणा नाही. अविनाश अरुण यांचं दिग्दर्शन बोलण्यापेक्षा चेहऱ्यांवर आणि जागेवर जास्त अवलंबून असतं, त्यामुळे एक-दोन वाक्यं हुकली तरी धागा तुटत नाही. पण वरची सेटिंग बदलूनही हाथीरामची स्वतःची हिंदी कळली नाही, तर मग मिक्सला नावं ठेवायला हरकत नाही.

उत्तर: पिक्चर_मोड_सिनेमा

‘तुंबाड’वर अन्याय झाला आहे. पंकज कुमार यांचं छायाचित्रण पावसाळी उजेड आणि कंदिलाच्या ज्योतीवर उभं आहे. सावलीत तपशील आहे, पण फार खालच्या पट्टीत. थिएटरात पडद्याची चमक साधारण ४८ निट्स (चमक मोजायचं एकक) असते, तुमच्या टीव्हीच्या फार तर पाचव्या हिश्श्याएवढी. तरी दिसतं, कारण खोली पूर्ण काळोखी असते. दुपारी पडदे उघडे ठेवून टीव्हीवर पाहिलं तर काचेवरचं खिडकीचं प्रतिबिंबच सिनेमाच्या काळ्यापेक्षा उजळ असतं.

टीव्हीत हे बघा. पिक्चर मोड “विविड” किंवा “स्टँडर्ड” असेल तर “सिनेमा” किंवा “फिल्ममेकर” करा. पॉवर सेव्हिंग, इको आणि प्रकाश ओळखणारा सेन्सर बंद. अंधारात नेमका तोच बॅकलाइट खाली ओढतो. डायनॅमिक कॉन्ट्रास्ट बंद, कारण तो सावल्या गिळतो. गॅमा (मधल्या छटा किती उजळ दिसतात ते) २.२ ठेवा, रात्री दिवे बंद करून पाहणार असाल तर २.४. बॅकलाइट आणि ब्राइटनेस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत: बॅकलाइट म्हणजे मागच्या दिव्याचा जोर, तर ब्राइटनेस बऱ्याच टीव्हींत काळ्याची पातळी बदलतो. अंधार उजळायला ब्राइटनेस वाढवला तर काळा राखाडी होतो. आधी बॅकलाइट वाढवायचा.

बॉक्स एचडीएमआयने लावला असेल तर ब्लॅक लेव्हल किंवा आरजीबी रेंज दोन्हीकडे एकच असू द्या, लिमिटेड तर लिमिटेड. एकीकडे फुल आणि दुसरीकडे लिमिटेड झालं तर एक तर सावल्यांतला तपशील पार जातो, नाही तर सगळं धुरकट दिसतं. “काळा चौकोन” हे वर्णन वाचून मला पहिली शंका याचीच आली.

एचडीआर, म्हणजे उजेड-अंधाराचा पल्ला मोठा असलेलं चित्र, ही आणखी एक भानगड. २५०-३०० निट्सच्या स्वस्त टीव्हीवर एचडीआर साध्या चित्रापेक्षा काळपट दिसतं, कारण उजळ भागांसाठी जागा राखताना बाकी सगळं खाली जातं. बॉक्समध्ये एचडीआर बंद करून तोच प्रसंग पाहा आणि बरं दिसेल ते ठेवा. खोक्यावरच्या एचडीआरच्या शिक्क्याला फार मान देऊ नका.

आणखी एक, कारण बऱ्याच लोकांची “सिरीज स्वस्तातली वाटते” ही तक्रार इथून येते. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो. टीव्ही मधली चित्रं स्वतः बनवून हालचाल गुळगुळीत करतो आणि मग लाखो रुपयांचा सेट दुपारच्या मालिकेसारखा दिसतो. सॅमसंगमध्ये पिक्चर क्लॅरिटी, एलजीत ट्रूमोशन, सोनीत मोशनफ्लो; बंद करा. क्रिकेटला हवं तर परत लावा.

बसण्याचं अंतर: ४३ इंची पडदा सुमारे ९५ सेंटिमीटर रुंद असतो. तीस अंशांचा कोन हवा तर पावणेदोन मीटर, म्हणजे जवळपास सहा फूट. दहा फुटांवरून तुम्ही ‘तुंबाड’ नाही, त्याचं पोस्टर पाहता.

उत्तर: वरोऱ्याकडचा

‘स्थळ’वर लिहायला कोणी आलं नाही, मग मीच लिहितो.

भाऊ, तुम्ही म्हणता तेच प्रश्न, तीच मांडणी. अहो, तोच तर सिनेमा आहे. नाव काय, शिक्षण काय, उंची किती, कामं येतात का. मांडणी मुद्दाम हलवलेली नाही. चौकट तीच राहिली म्हणून बाकी काय हललं ते दिसून राहिलं. दर खेपेला त्या मुलीकडे, सविताकडे नाही, तिच्या बापाकडे पाहा. कापसाचा भाव, पैशाची ओढाताण आणि प्रत्येक पाहुण्यासमोर त्याचं थोडं आणखी वाकणं. इकडे सविताची परीक्षेची तयारी मागे मागे जाते. आणि ते प्राध्यापक आहेत ना, वर्गात स्त्रियांच्या सक्षमीकरणावर बोलणारे, त्यांच्या घरची बैठकही याच चौकटीत येते. तेव्हा आधीची पुनरावृत्ती कशासाठी होती ते समजते. संकलन_टेबल यांच्या चौकोनांत दुसरी ओळ इथे कोरी नाही राहत, फक्त ती बारीक अक्षरात लिहिली आहे.

तरी एक कबूल. १०७ मिनिटांतली दहा-बारा कमी केली असती तर मधल्या दोन बैठकी एकमेकींत मिसळल्या नसत्या.

बोलीचं म्हणाल तर या सिनेमाला पूर्ण गुण. चंद्रपूर जिल्ह्यातलं डोंगरगाव, तिथलीच माणसं, बहुतेकांनी आधी कॅमेरा पाहिलेला नाही. मालिकांत विदर्भातलं पात्र म्हणजे पुण्याच्या वाक्यात चार “बे” आणि दोन “काहून” टाकायचे. क्रियापद मात्र “करत आहे” असंच. आपल्याकडे ते “करून राहिला” होते, “मला” चं “मले” होते, आणि वऱ्हाडीतला ‘डोया’ झाडीपट्टीत जाता जाता ‘डोरा’ होतो. कलाकाराने शब्द पाठ केले पण क्रियापद हललं नाही, तर दोन वाक्यांत पकडता येते. ‘झुंड’मधली पोरं या बाबतीत खरी वाटतात, कारण ती नागपूरच्या वस्त्यांतून घेतलेली, मराठी-हिंदीची सरमिसळ गड्डीगोदाम-इंदोऱ्यात ऐकू येते तशीच.

उत्तर: साडेसातची_मालिका

यादीत रोजच्या मालिका नाहीत म्हणून थोडक्यात. त्यांना सिरीजच्या फूटपट्टीने मोजू नका. अर्ध्या तासाच्या वेळेत २१-२२ मिनिटांचा मजकूर असतो. तासाला बारा मिनिटं जाहिरात ही ट्राय या सरकारी नियामकाची मर्यादा. त्यातही सुरुवातीला कालचं थोडं आणि शेवटी उद्याचं थोडं. उरलेल्या वेळात एक प्रसंग आणि त्यावर घरातल्या सात जणांचे धक्का बसलेले चेहरे. दर आठवड्याला टीआरपी येते. जो धागा चालला तो लांबवायचा, पडला तो आठवड्यात गुंडाळायचा, म्हणून आधी आखलेला शेवट बहुतेक वेळा कागदावरच राहतो. एखाद्या मालिकेचे पहिले साठ-सत्तर भाग झकास आणि नंतर भरकटली, असं वाटलं तर ते बरोबरच वाटलं: मूळ गोष्ट तेवढीच होती.

बर्डीचा_प्रेक्षक

ब्लॅक लेव्हल खरंच दोन्हीकडे वेगवेगळी होती, आणि बॉक्स “सराउंड”वर. दोन्ही बदलले. ‘तुंबाड’मध्ये आता भिंतीची ओल दिसते. ‘पंचायत’ आणि ‘दशावतार’बद्दलचं मत मात्र तेच आहे. ‘स्थळ’ परत पाहतो, या वेळी बापाकडे बघून.

दोन उपप्रश्न. घरातला एक जण सगळं मोबाइलवर पाहतो आणि त्याची मतं माझ्या अगदी उलट असतात. चित्राच्या दर्जामुळे एवढा फरक पडतो का? आणि थिएटरातही कधी संवाद दबका येतो, तिथे काय करता येतं?

उत्तर: पिक्चर_मोड_सिनेमा

मोबाइलवर दोन अडथळे असतात. नेटफ्लिक्सचा १४९ रुपयांचा मोबाइल प्लॅन ४८० पिक्सेलपर्यंतच दाखवतो. आणि फोनला वाइडवाइन (व्हिडिओची चोरी रोखणारं कुलूप) एल१ चा दाखला नसेल, फक्त एल३ असेल, तर महागडा प्लॅन घेऊनही बहुतेक ॲप एचडी देत नाहीत. नेटफ्लिक्सच्या सेटिंगमध्ये प्लेबॅक स्पेसिफिकेशन म्हणून पान असतं, तिथे एल१ की एल३ ते लिहिलेलं दिसतं. एचडीला ५, फोर-केला १५ एमबीपीएस स्थिर वेग लागतो. वेग पडला की चित्र दाबणारी यंत्रणा सगळ्यात आधी अंधाऱ्या भागातले तपशील टाकते, म्हणून रात्रीचे प्रसंग ठोकळे-ठोकळे दिसतात आणि दिवसाचे ठीक. संवादप्रधान ‘पंचायत’ला याने फारसं बिघडत नाही. ‘तुंबाड’ किंवा ‘पाताल लोक’वरचं मोबाइलवालं मत मात्र थोडं उधारीवरच घ्या. उलट त्याला इअरफोनमुळे संवाद तुमच्यापेक्षा स्वच्छ ऐकू येत असणार.

उत्तर: मिक्सिंगवाला

थिएटरात आवाजाच्या यंत्रावर ० ते १० असा आकडा असतो आणि सिनेमा ७ वर ऐकून मिक्स केलेला असतो. जाहिराती आणि ट्रेलर कर्कश येतात, लोक ओरडतात, म्हणून बऱ्याच ठिकाणी आकडा ५ च्या आसपास ठेवतात आणि सिनेमा सुरू झाल्यावर तो तसाच राहतो. चारच्या वर प्रत्येक आकडा ३.३ डेसिबलचा, म्हणजे ५ वर संवाद साडेसहा डेसिबलने खाली जातो. ‘स्थळ’सारख्या हळू बोलणाऱ्या सिनेमाला हे फार लागतं, ‘छावा’सारख्याला कळतही नाही.

पहिल्या दहा मिनिटांतच बाहेर जाऊन दारावरच्या कर्मचाऱ्याला ऑडी क्रमांक सांगा आणि “आवाज अर्धा-एक आकडा वाढवा” असं नेमकं म्हणा. “साउंड खराब आहे” म्हटलं तर कोणी काही हलवत नाही. जागा निवडताना पडद्यापासून मागच्या भिंतीपर्यंतच्या अंतराच्या दोन तृतीयांशावर, ओळीच्या मध्यात. शेवटच्या दोन ओळी टाळा, तिथे मागचे स्पीकर डोक्यावर असतात आणि पावसाच्या प्रसंगात संवाद त्यांच्याखाली जातो. मराठी सिनेमाला आपल्याकडे बहुधा लहान ऑडी आणि दुपारचा खेळ मिळतो. लहान ऑडीत हेच दोन तृतीयांश म्हणजे पाचवी-सहावी ओळ.